तोंडाला किती टक्के?

लातूर-नांदेडकडं माणसाची ओळख गावापासून सुरू होते, पण येऊन थांबते टक्क्यांवर. सोयरीक जुळवायला बसा नाहीतर एसटीत शेजारच्याला जागा द्या, तिसऱ्या वाक्याला "पोराला किती टक्के?" हे येतंच. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी परीक्षेतल्या यशाचा लातूर पॅटर्न गाजवला, त्याला जमाना झाला. अजूनही पोराच्या अर्ध्या टक्क्यासाठी गावाकडचं बिऱ्हाड आवरून लातुरात खोली करून राहिलेल्या आया गल्लोगल्ली भेटतात. अशा मुलखात चेहऱ्याला लावायच्या बाटलीवर भल्या मोठ्या अक्षरांत '१० टक्के' छापायची युक्ती ज्याला सुचली, तो माणूस नक्की आपल्याकडं पाहुणा म्हणून येऊन गेला असणार.

पूर्वी डबीवर गुलाब असायचा, नाहीतर नटी. आता पांढरी बाटली, काळी अक्षरं आणि सरळ गुणपत्रिका : नायासिनामाइड १० टक्के, सॅलिसिलिक ॲसिड २ टक्के, व्हिटॅमिन सी १५ टक्के. नुसता चेहरा धुऊन पावडर लावण्याचा काळ गेला. आता तोंडाचाही अभ्यासक्रम असतो, सकाळचा वेगळा, रात्रीचा वेगळा.

आमची पुतणी नीटची तयारी करते. तिच्या टेबलावर एका बाजूला केमिस्ट्रीची मॉड्यूल्स आणि दुसऱ्या बाजूला बाटल्या. फरक एवढाच की बाटल्यांची उजळणी रोज होते. परवा ती ड्रॉपरनं गालावर थेंब सोडत असताना तिची आजी दारात उभी राहून बघत होती.

"काय लावूलालीस गं तोंडाला?"

"नायासिनामाइड, आजी."

"ते कशानं निघतंय?"

आजीचा प्रश्न रास्त होता. तिच्या आयुष्यात तोंडाला काही लागलं तर ते काढायचं असतं, लावून ठेवायचं नसतं. पण नायासिनामाइड म्हणजे काही परक्याचं पोर नव्हे. ते बी-३ जीवनसत्त्व. पुतणी ज्या ट्यूबला 'मम्मी लोकांचं जुनाट क्रीम' म्हणून नाक मुरडते, त्या १९७५ साली आलेल्या आणि २०२० साली नावातलं 'फेअर' काढून टाकलेल्या क्रीमची सगळी मदार याच द्रव्यावर होती. आईनं चाळीस वर्षं तेच लावलं आणि लेकही तेच लावते. मधल्या काळात ते ट्यूबमधून निघून काचेच्या बाटलीत गेलं आणि त्याला भाव आला. त्वचेच्या तळात तयार झालेला रंग वरच्या पेशींपर्यंत कमी पोचू देणं, तेलकटपणा थोडा आवरणं, कातडीचा वरचा थर जरा मजबूत करणं, एवढी कामं ते खरोखर करतं. कामं हळू करतं, महिने घेतं, पण करतं. बहुतेक अभ्यासांत ते दोन ते पाच टक्क्यांत वापरलेलं दिसतं. दहा टक्क्यांनी दुप्पट गुण येतो असं नाही, काहींची कातडी लाल मात्र होते. पण पाच टक्के घेऊन आपल्याकडं कुणाला तोंड दाखवायचं?

हेच जीवनसत्त्व पोटात कमी गेलं तर काय होतं, ते आपल्या दख्खनच्या पठारानं फार जवळून पाहिलेलं आहे. जिथं जिथं ऊन लागतं तिथली कातडी काळवंडते, खरखरीत होते, सोलून निघते. गळ्याभोवती माळ घातल्यासारखा पट्टा उमटतो. या आजाराचं नाव पेलाग्रा. जगभर तो मका खाणाऱ्या गरिबांचा म्हणून ठाऊक होता. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास दख्खनमधल्या निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या लोकांतल्या पेलाग्राचा अभ्यास केला आणि ज्वारीतल्या ल्युसीनवर बोट ठेवलं. पुढं त्यावर तज्ज्ञांत वादही झाले. वाद राहू द्या. भाकरीसोबत शेंगदाण्याची चटणी असली तर हे जीवनसत्त्व पोटात भरपूर जातं, एवढं मात्र खरं. पणजोबांच्या ताटात जे कमी पडलं ते पणती आता गालावर थेंबाथेंबानं सोडते.

ही झाली बाटलीची पुढची बाजू. खरी गंमत मागं असते, मुंगीच्या अक्षरांत. मी चष्मा लावून आणि तो लावल्यावरही मोबाईलनं फोटो काढून, तो मोठा करून, ही मागची बाजू वाचायचा छंद लावून घेतला आहे. घरचे याला रिकामटेकडेपणा म्हणतात. पण २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी ग्राहकाला जी थोडीफार सत्ता दिली आहे ती याच मुंगीच्या अक्षरांत आहे. नियम असा की जे द्रव्य सगळ्यात जास्त, त्याचं नाव पहिलं, मग उतरत्या क्रमानं पुढची. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेली मंडळी मात्र शेवटी, कोणत्याही क्रमानं लिहिली तरी चालतात.

पहिलं नाव बहुतेक वेळा 'ॲक्वा'. ॲक्वा म्हणजे पाणी. बाटली घ्यायला कितीही भारी दुकानात जा, पहिला नंबर पाण्याचाच. दुसऱ्या-तिसऱ्या जागी ग्लिसरीन, जे आमच्या आईच्या काळात मेडिकलवर गुलाबपाण्यासोबत मिळायचं आणि हिवाळ्यात गाल उलले की सगळ्या गल्लीच्या गालांना तेच लागायचं. मग एखादं तेल, ते पाण्यात मिसळून राहावं म्हणून काही गोंदासारखी द्रव्यं, आणि मग येतं फिनॉक्सिइथेनॉल. हे नाव पाठ करून ठेवा. हे टिकाऊपणासाठी घालतात आणि एक टक्क्याच्या वर घालायला परवानगी नाही. म्हणजे यादीत हे नाव दिसलं की समजायचं, इथून पुढचे सगळे एक टक्क्याच्या आतले. आता पुढच्या बाजूवर ज्या केशराचं, ज्या कमळाचं, ज्या सोन्याच्या कणांचं चित्र आहे, ते नाव मागं कुठं आहे बघा. बहुतेक वेळा ते फिनॉक्सिइथेनॉलच्या खाली, वर्गाच्या शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसलेलं सापडतं. परीक्षेत एक टक्का घेतलेल्या पोराचा फोटो क्लासवाल्यानं चौकातल्या फ्लेक्सवर लावला तर आपण क्लास बंद पाडू. केशराला मात्र माफ करतो.

या यादीत वनस्पतींची नावं लॅटिन असतात म्हणून माणूस दबून जातो. दबू नका, पुष्कळशी मंडळी मोंढ्यातली आहेत. 'ग्लायसिन सोजा ऑइल' हे लिहिलेलं दिसलं की ते सोयाबीनचं तेल. 'कर्क्युमा लाँगा' म्हणजे हळद. 'अरॅकिस हायपोजिया' म्हणजे भुईमूग. 'कार्थॅमस टिंक्टोरियस' वाचून पुतणीला वाटलं एखादं फ्रेंच फूल असावं. ती आपली करडई, जिच्या काट्यांनी आमच्या मागच्या सगळ्या पिढ्यांच्या पोटऱ्या ओरबाडल्या. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल सत्तर टक्क्यांच्या वर असतं आणि कातडीचा वरचा थर बांधायला शरीर तेच वापरतं. म्हणजे डिस्टिंक्शनमध्ये पास झालेलं पीक! लातुरात गळीतधान्य संशोधन केंद्र आहे, पण करडईचा पेरा घटत गेला, रानं सोयाबीननं व्यापली, आणि करडई आता परदेशी बाटलीच्या पाठीवर भेटते.

बाटलीच्या भावाचा हिशेब आडतीवर बसून केला तर चक्कर येते. तीस मिलिलिटरची बाटली सहाशे रुपयांना धरा. म्हणजे लिटरला वीस हजार, आणि क्विंटलला साधारण वीस लाख. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि मोंढ्यात पुष्कळांच्या हाती तेवढाही पडला नाही. आमच्या ओळखीच्या एका आडत्याला मी हा हिशेब सांगितला. तो बराच वेळ बाटलीकडं बघत राहिला, मग म्हणाला, "आन् ह्यात पैलं नाव पाण्याचं हाय म्हंता?"

पाण्यावरून हायलुरोनिक ॲसिड आठवलं. हे ॲसिड नावालाच ॲसिड, स्वभावानं गरीब. ते पाणी धरून ठेवतं. किती? आपल्या वजनाच्या हजारपट, असं बाटल्यांवर सर्रास छापलेलं असतं. हा आकडा वाचून लातूरकरानं हसावं की रडावं? २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून जलदूत रेल्वे आली तेव्हा पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आलं होतं, आणि अख्खं शहर वाघिणी मोजत होतं. हजारपट पाणी धरणारी वस्तू असती तर तिच्यासाठी महापालिकेनं निविदा काढली असती. हजारपटीचा आकडा ऐकीव आहे. पाणी धरण्याचा गुण मात्र खरा आहे, आणि तो ग्लिसरीनमध्येही आहे, कितीतरी स्वस्तात. अडचण दोघांचीही एकच. हवेत ओल असेल तर ते तिथून पाणी ओढतात. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत ओढणार काय? मग वरून झाकण नसलं की धरलेलं पाणीही उडून जातं, आणि महागडं सीरम लावूनही तोंड पापडासारखं ताणल्याची तक्रार ऐकू येते.

झाकण म्हणून जगात सगळ्यात हुशार विद्यार्थी कोण? पेट्रोलियम जेली. रॉबर्ट चेसब्रो नावाच्या अमेरिकी माणसानं तेलविहिरीवरच्या मेणचट गाळातून ती काढली आणि १८७२ साली व्हॅसलीन नावानं तिचं पेटंट घेतलं. कातडीतून उडून जाणारं पाणी ती ९८ टक्क्यांपर्यंत रोखते असं त्वचारोगाच्या पुस्तकांत छापलेलं असतं. अठ्ठ्याण्णव! एवढे टक्के घेऊनही बिचारीचा फ्लेक्स कुठं लागत नाही, कारण ती स्वस्त आहे, तिला वास नाही आणि ती लावली की माणूस तळलेल्यासारखा चमकतो. टाचांना भेगा पडल्या की तिची आठवण येते. म्हणजे तीही पायाशीच.

सॅलिसिलिक ॲसिडचंही कुळ असंच पायाकडचं. ते तेलात विरघळतं, म्हणून मुरमाच्या तोंडाशी साचलेल्या तेलात शिरून ते बुजलेलं तोंड मोकळं करतं. हा त्याचा गुण तरुण मुलांना आता समजला. पण पायातलं कुरूप घालवायला मेडिकलवर जी गोल पट्टी मिळते, तिच्यातही तेच आहे, फक्त पट्टीत ते ४० टक्के आणि चेहऱ्याच्या बाटलीत २. गजकर्णावर लावायचं व्हिटफील्डचं मलम जुनंच, त्यात ३ टक्के सॅलिसिलिक आणि ६ टक्के बेंझोइक. त्या जातीच्या मलमांचा वास ज्यांच्या लहानपणी घरात दरवळायचा, त्यांना त्याच द्रव्याला 'बीएचए एक्सफोलिएटर' म्हटलं की एकदम आदर वाटू लागतो.

आता हळद. तिच्याविषयी बोलताना नांदेड-हिंगोलीच्या माणसानं छाती थोडी फुगवली तर चालतं. अर्धापूर, हदगाव, वसमतकडचं रान हळदीचं. नांदेडच्या नव्या मोंढ्यात आणि हिंगोलीत तिचे ढीग लागतात. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हळद उकडायच्या दिवसांत त्या बाजूच्या गावात गेलात तर कढईच्या वाफेनं नाक भरून येतं आणि हळद काढणाऱ्या बायांची बोटं, नखं, घामानं ओले झालेले पदर, सगळं पिवळं. त्यांच्यातली कुणी त्यामुळं उजळल्याचं ऐकिवात नाही. हळदीनं माणूस गोरा होतो याला पुरावा नाही. पिवळा होतो याला सगळं वऱ्हाड साक्षी असतं.

ज्याच्या जिवावर हळदीचा नावलौकिक, ते कर्क्युमिन हळदीत असतं तीनेक टक्के. म्हणजे मूळ हळदच नापास. बाटलीवाल्यांची दुसरी अडचण रंगाची, कारण शहरातल्या गिऱ्हाइकाला हळद हवी पण पिवळी उशी नको. म्हणून कर्क्युमिनवर प्रक्रिया करून रंग उडवलेलं टेट्राहायड्रोकर्क्युमिन निघालं, पांढरट. हळद लावली आणि कुणाला कळलं नाही, हे सुख नवरदेवालाही कधी मिळालं नव्हतं.

हळद औषध की शृंगार, यावर तर कोर्टात वर्षानुवर्षं खल झाला आहे. केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ मध्ये सुरू केलेल्या विकोचं हळद-चंदनाचं क्रीम हे सौंदर्यप्रसाधन आहे, म्हणून जास्तीचा अबकारी कर भरा, असं सरकारी खातं म्हणे. हे आयुर्वेदिक औषध आहे, असं कंपनी म्हणे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि विको जिंकली. एका ट्यूबपायी देशातले मोठमोठे वकील इतकी वर्षं हळदीनं रंगले, एवढा मोठा हळदीचा कार्यक्रम दुसरा झाला नसेल.

लिंबाविषयी दोनच वाक्यं. लिंबात व्हिटॅमिन सी शंभर ग्रॅमला पन्नासेक मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्का, आणि आंबटपणा मात्र कातडी चुरचुरवण्याइतका. वर ते चोळून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे काळे डाग उठतात, तेव्हा लिंबू पोह्यावर पिळा.

इथवर हसण्यावारी नेलं, पण मागची बाजू न वाचण्याची किंमत कधी कधी फार पडते. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका घरातली बातमी आली होती. गोरं करणारं क्रीम लावणाऱ्या मायलेकींची मूत्रपिंडं बिघडली, मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. नियमानं चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालताच येत नाही. चुकून आलाच तर दहा लाखांत एक भागापर्यंत. असली क्रीमं पार्लरमधून, ओळखीतून, बिनलेबलच्या डबीतून येतात. ज्या डबीला मागची बाजूच नाही ती घरात आणू नका.

दुसरं प्रकरण मेडिकलवरचं. वांगावर डॉक्टर कधी कधी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असं तीन औषधांचं मिश्रण काही आठवड्यांसाठी देतात. यातलं मोमेटासोन हे स्टिरॉइड. पहिल्या पंधरवड्यात चेहरा असा काही उजळतो की शेजारीण ट्यूबचं नाव लिहून नेते, तिची जाऊ तिच्याकडून, आणि पाहता पाहता एकाच्या चिठ्ठीवर सगळी गल्ली वर्षानुवर्षं तोंड रंगवते. मग कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, बायकांच्या गालावर लव वाढते. आणि लावणं थांबवलं की आग होते, म्हणून पुन्हा लावावं लागतं. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या बिघडलेल्या चेहऱ्याला वेगळं नावच दिलं आहे. २०१८ पासून असली बरीचशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. तरीही काउंटरवर "ते गोरं व्हायचं द्या" म्हटलं की काय हातात पडेल, याची खात्री देता येत नाही. नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'सोल' दिसलं, म्हणजे बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, तर ट्यूब खाली ठेवा आणि डॉक्टरकडं जा.

आणि या सगळ्या खटाटोपात जी एकच गोष्ट आपल्या मुलखात सगळ्यात जास्त लागते तिच्याकडं कुणाचं लक्ष नाही : सनस्क्रीन. मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो, आणि आपण रात्री बारा थेंब लावून दुपारी बारा वाजता उघड्या तोंडानं गाडीवर निघतो. सनस्क्रीनवर एसपीएफ लिहिलेला असतो. एसपीएफ ३० कातडी भाजणारे किरण ९७ टक्के अडवतं, ५० अडवतं ९८ टक्के. फरक एका टक्क्याचा. हे कळल्यावर पुण्या-मुंबईचा माणूस म्हणतो, मग ३० पुरे. आपल्याकडं हे चालायचं नाही. एका टक्क्यासाठी आपण लातुरात खोली केली आहे. पन्नासच घेतलं पाहिजे.

घ्या, पण लावा. प्रयोगशाळेत तो आकडा निघतो कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम थापून. हिशेबानं चेहरा आणि मान मिळून दोनेक ग्रॅम, म्हणजे दोन बोटांवर भरून दोन रेघा, आणि उन्हात असलात तर दर दोन तासांनी पुन्हा. पन्नास ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदाच लावली तरी महिन्याच्या आत संपायला पाहिजे. घरोघरी ती दोन दोन उन्हाळे पुरते, कारण आपण ती गंधासारखी लावतो. तेवढ्या थरावर ५० चा आकडा उरत नाही, फार खाली येतो; पैसे डिस्टिंक्शनचे आणि मार्क काठावरचे.

गाडीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवणाऱ्या नांदेडच्या पोरींना लोक उगीच हसतात. घट्ट विणीच्या कापडाइतकं भरवशाचं सनस्क्रीन नाही. रानात सोयाबीन काढणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला फडकं आवळतात आणि त्यावर पदर घेतात. दर दोन तासांनी पुन्हा लावायची भानगड नाही, घामानं उतरत नाही, मागची बाजू वाचावी लागत नाही.

तेव्हा सहाशे रुपये खिशात असतील तर माझं ऐका. सनस्क्रीनची ट्यूब घ्या, पेट्रोलियम जेलीची लहान डबी घ्या, एक जाड सुती स्कार्फ घ्या, आणि काही उरलंच तर शेंगदाणे आणा.